तळ्याकाठी जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर होती: रविवारी किनाऱ्यावरची गर्दी टाळून तळ्यावर जायचं, तर कुठे, कधी आणि काय सांभाळून? उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोव्यातली बरीचशी जुनी तळी माणसांनी शेतीसाठी बांधलेली आहेत. पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला, मानशीतून (बांधातल्या दारांतून) सोडायचं, ही त्यांची रीत. तळं तुमच्या सुटीआधी त्या शेताचं असतं. पाणी किती असेल, तळ कसा असेल, कुठे ओढ असेल, हे सगळं त्या शेतीच्या वेळापत्रकावर ठरतं.

प्रश्न: आम्ही ताळगावला राहतो. मुलं ६ आणि १० वर्षांची आहेत. अर्ध्या दिवसात होईल असं जवळचं तळं कुठलं? मुलांना बोटीत बसायचं आहे, मला पक्षी बघायचे आहेत.

दोन्ही हौशी एकाच तळ्यावर भागवायला जाऊ नका. बोटीसाठी डिचोली तालुक्यातलं मये, पक्ष्यांसाठी करमळी.

मयेचं तळं डोंगरांच्या कुशीत असल्याने वारा कमी लागतो. तिथे पर्यटन महामंडळाची सोय आहे, पायांनी चालवायच्या बोटी मिळतात आणि जीवरक्षक असतात. लहान मुलांना घेऊन पाण्यात जायचं तर जीवरक्षक असलेली जागाच निवडा. पायबोटीत अपघात होतो तो जागा बदलताना. फोटोसाठी एकजण उठतो, दुसरा त्याच बाजूला सरकतो आणि बोट कलते. जड माणसं समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवा, मुलांना आतल्या बाजूला घ्या आणि काठाला लागेपर्यंत कुणी उभं राहायचं नाही हे निघण्याआधीच सांगून ठेवा. जॅकेटची मागची कॉलर आणि पायांमधून जाणारा पट्टा ६ वर्षांच्या मुलासाठी आवश्यक आहे. जॅकेटबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

करमळीचं तळं कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. सकाळी साडेसहाला पोहोचा, नऊनंतर उजेड डोळ्यांवर येतो आणि पक्षी गवतात शिरतात. अडई, वारकरी, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी सहज दिसतात, थंडीत उत्तरेकडून आलेली बदकंही असतात. ८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. १० च्या वर मोठेपणा घेतला तर हात थोडा हलला तरी चित्र नाचतं, मुलांच्या हातात तर जास्तच. सूर्य पाठीशी राहील असा काठ धरा.

अर्धा दिवसही नसेल, तासभरच हाताशी असेल, तर सांताक्रूझचं बोंडवल तळं पणजीच्या उंबऱ्यावर आहे.

प्रश्न: वरती बसायचा कयाक विकत घेतला आहे. मडगावहून कुडतरी जवळ पडतं. तिथल्या तळ्यात तो घातला तर चालेल का? परवानगी कुणाची?

कुडतरीची तळी गावच्या भातशेतीचा कणा आहेत, त्यामुळे पहिला प्रश्न परवानगीचाच, आणि तो तुम्ही विचारलात हे चांगलं झालं. गोव्यात तळ्याचा हक्क कुठे कोमुनिदादीकडे (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडे) असतो, कुठे शेतकऱ्यांच्या संघाकडे, कुठे सरकारी खात्याकडे. मासे धरण्याचा हक्क बऱ्याच ठिकाणी लिलावाने दिलेला असतो. तो घेतलेल्या माणसाच्या जाळ्यावरून वल्हं मारत गेलात तर त्याचं नुकसान होतं. तेव्हा आधी पंचायतीत जाऊन तळं कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा, मग त्या माणसांकडे जा. तळं पाणथळ म्हणून अधिसूचित असेल तर २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांचाही विचार करावा लागतो.

परवानगी मिळाली तरी वर्षभर जाऊ नका. पावसाळ्यात कमळपक्षी आणि पाणकोंबड्या तरंगत्या पानांवर आणि गवतात अंडी घालतात. कमळपक्ष्याचं घरटं म्हणजे पानावर ठेवलेली चार अंडी, इतकंच. कयाकची लाट त्याला पुरते. अंडी उबवतो तो नर. एकदा उठवलात की ऊन आणि घार दोन्ही अंड्यांवर येतात. कमळाची आणि गवताची दाटी असेल तिकडे शिरूच नका, उघड्या पाण्यावर राहा. थंडीत बदकांचा थवा दिसला तर लांबून वळसा घ्या. पक्ष्यांनी माना ताठ केल्या म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात, तिथूनच मागे फिरा.

मानशीपासून दूर राहायचं, हा दुसरा नियम. मानस म्हणजे बांधातली पाणी सोडायची दारं. ती उघडी असताना वरून पाणी संथ दिसतं, पण खाली दाराशी ओढ जबरदस्त असते आणि फळ्यांना अडकलेल्या माणसाला पाण्याचा दाबच तिथे धरून ठेवतो. वायंगणाला पाणी सोडतात तेव्हा मानस उघडी असते हे लक्षात ठेवा. बांधापासून निदान ३० मीटर अंतर सोडा. बांधावर गाडीही चढवू नका, मातीचा बांध चाकाने दबतो आणि पुढच्या पावसात तिथूनच फुटतो.

पाण्यात उतरायची जागा आधी काठीने चाचपून बघा. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यावर रबरी चप्पल हमखास घसरते. त्यापेक्षा मागे पट्टा असलेले बूट बरे. पाणी उतरलेल्या तळ्याच्या कडेला गुडघाभर चिखल असतो. पाय रुतला तर ओढू नका, ओढाल तितका दुसरा पाय खोल जातो. मागे बसा, अंग आडवं करून भार पसरा आणि पाय हलवत हलवत एकेक सोडवा.

घरी परतताना कयाक, वल्हं आणि दोरी धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. जलपर्णी आणि साल्व्हिनियाचा बोटभर तुकडा दुसऱ्या तळ्यात पडला तरी तिथे वाढतो. एका हंगामात अख्खं पाणी झाकून टाकणाऱ्या या वनस्पती बोटी, जाळी आणि गाड्यांच्या चाकांवरूनच पसरतात. त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

वाऱ्याचंही सांगायला हवं. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो. साधारण अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि मार्च ते मे तो जोरात असतो. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी येईल. उलट केलं की माणसं पलीकडच्या काठाला अडकतात. लाटांचे माथे फुटताना दिसले तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका.

प्रश्न: कयाक उलटला की परत चढायला जमत नाही. वल्हं किती लांबीचं घ्यावं हेही सांगा.

आधी वल्हं, कारण बहुतेकजण तिथेच चुकतात. वर बसायचा कयाक ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असतो, त्याला २२० ते २३० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. आखूड घेतलं तर हात कयाकच्या कडेवर घासतो. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे असावी. पकडायचं अंतर मोजायला वल्हं डोक्यावर आडवं धरा, दोन्ही कोपरं काटकोनात आली की ती जागा. ओढताना हात नव्हे, कंबर फिरवा, नाहीतर अर्ध्या तासात खांदे भरून येतात.

आता उलटल्यावर. कयाक सोडायचा नाही, तो तरंगतो. मधोमध या, पलीकडची कड पकडून स्वतःकडे ओढा म्हणजे तो सरळ होतो. मग मधल्या भागाशी, कयाकच्या कडेला काटकोनात, पाय मागे पाण्यावर आणा. पाय लटकते ठेवून वर ओढून घ्यायला गेलात तर कयाक तुमच्या अंगावर येतो, आणि तुमचंही नेमकं हेच होत असणार. जोरात लाथा मारत पोट कयाकवर आणा आणि थांबा, धडपडू नका. पोटावर असतानाच अंग वळवून कुल्ले बैठकीत टाका, शेवटी पाय आत घ्या. पोट, कुल्ले, पाय, हा क्रम बदलला की पुन्हा उलटणार. कंबरभर पाण्यात, जोडीदार बाजूला उभा असताना, दहा वेळा सराव करा.

बैठकीतल्या भोकांतून थोडं पाणी वर येणं स्वाभाविक आहे. बसल्या बसल्या ते साचून राहत असेल तर वजन जास्त झालं आहे. लेबलवर १२० किलो लिहिलं असेल तर तुम्ही आणि सामान मिळून ८० ते ८५ किलोपर्यंतच ठेवा. पाण्यात उतरण्याआधी मागचं बूच हाताने घट्ट करा. परत आल्यावर ते उघडून पाणी मोजा. कपभर निघालं तर चिंता नाही, अर्धी बादली निघाली तर कुठेतरी चीर आहे. बहुधा ती तळाशी, चिऱ्यावर घासलेल्या जागी सापडते.

प्रश्न: लाइफ जॅकेट घेताना काय बघावं? दुकानदार सगळी सारखीच म्हणतो.

सारखी नसतात. लेबलवर न्यूटनचा आकडा बघा. ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलो उचल: पोहता येणाऱ्याला, काठाजवळ, मदत हाताशी असताना पुरते. १०० न्यूटनचं जॅकेट माणसाला तोंड वर ठेवून तरंगवण्यासाठी बनवलेलं असतं. पोहता न येणाऱ्याला आणि मुलांना तेच द्या. आकडाच नसेल तर ते जॅकेट घेऊ नका.

माप बघायला सगळी बक्कलं लावून खांद्यावर दोन्ही बाजूंनी वर ओढा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघेल. मुलांचं 'वाढत्या अंगाचं' घेण्याची आपली सवय कपड्यांना ठीक, जॅकेटला नाही. वजनाचा पट्टा लेबलवर असतो, तो पाळा. जॅकेटवर बसू नका, आतला फोम दबला की उचल कमी होते. उन्हाने विटलेलं आणि नखाने ओढल्यावर कापड फाटणारं जॅकेट टाकून द्यावं.

प्रश्न: डिचोली भागातल्या बंद खाणीत निळं हिरवं सुंदर पाणी आहे. कॉलेजची मुलं तिथे पोहायला जातात. धोका किती?

फार. जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिज खाणी थांबल्या, आणि काही वर्षं पुन्हा चालल्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. पंपाने उपसणं थांबलं की खड्ड्यात पाणी साचतं. खाण पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेली असते. काठावर कंबरभर पाणी असतं आणि एक पाऊल पुढे टाकलं की कित्येक मीटर खोल. वरचं पाणी कोमट आणि खालचं थंडगार असतं, बुडी मारली की त्या थंडीने श्वास अडकतो. बाहेर यायला आधार नसतो, कडेची बारीक माती हाताने धरली की ढासळते. चिरेखाणींचंही तेच, फक्त भिंती उभ्या आणि गुळगुळीत. पावसाळ्यात धबधबे आणि बंद खाणींत उतरायला जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, पण खाणीतलं पाणी एप्रिलमध्येही तितकंच खोल असतं.

प्रश्न: तळ्यात मगर असू शकते का?

असू शकते. मांडवी आणि झुआरी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीतल्या मगरी सगळ्यांना माहीत आहेत, पण याच जातीची मगर गोड्या पाण्यातली, धरणांच्या जलाशयांतही राहते. पावसाळ्यात पाणी एकमेकांना मिळालं की ती नव्या जागी येते. खाजन शेती (खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली शेती) करणाऱ्या गावांत मातीची मगर घडवून पूजायची मांगे थापणीची प्रथा आहे. शेतकरी तिच्यासोबत राहतो तो तिचा माग ठेवून.

गावात विचारा, तेच सगळ्यात खात्रीचं. थंडीत सकाळी दहाच्या सुमारास काठावर ऊन घेत पडलेली दिसते. तिन्हीसांजेला पाण्याच्या अगदी कडेला बसू नका, मासे तिथेच साफ करून आतडी पाण्यात टाकू नका, कुत्र्याला पाण्यात सोडू नका. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत मादी अंड्यांजवळ असते आणि एरवी पळून जाणारी तीच मगर तेव्हा अंगावर येते. ती संरक्षित आहे. दगड मारणं हा गुन्हा आहे. वनखात्याला कळवा.

प्रश्न: तळ्यात पाय सोडून बसल्यावर दुसऱ्या दिवशी पायांवर लाल पुरळ आणि भयंकर खाज आली. काय असेल? अंजुण्याच्या धरणाकडे जायचंय, तिथे काही वेगळं सांभाळावं लागतं का?

उथळ, गोगलगायी असलेल्या पाण्यात गुरांच्या आणि पक्ष्यांच्या जंतांची अळी असते. ती चुकून माणसाच्या कातडीत शिरते आणि तिथेच मरते, खाज त्याची. भातलावणी करणाऱ्यांना हा त्रास जुना आहे. सहसा आठवड्यात आपोआप बसतो, खाजवून जखम करू नका. पाण्याबाहेर आल्या आल्या अंग फडक्याने खसाखसा पुसणं हा उपाय. अंग वाऱ्यावर वाळू देणं ही चूक, कारण थेंब वाळताना अळी आत घुसते. पण पुरळ पसरलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

पायाला चीर असेल तर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत साचलेल्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पाण्यातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरांना तळ्यावर गेल्याचं आवर्जून सांगा. न सांगितल्यामुळे उपचार लांबतात. कोमट, उथळ, साचलेल्या पाण्यात उड्या मारून नाकात पाणी जाऊ देऊ नका. केरळमध्ये मेंदूच्या जीवघेण्या अमिबाचे रुग्ण अशाच पाण्यातून आले.

अंजुणे सत्तरीत आहे. तिथे पाण्यापेक्षा काठचं रान सांभाळा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून होतो, आणि डिसेंबर ते मे हा गोचिडींचा काळ, म्हणजे नेमका सहलीचा. लांब पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला, पाचोळ्यावर चादर टाकून आडवं होऊ नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, कानामागे, गुडघ्यामागे गोचीड शोधा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडेपेटीचे प्रयोग नकोत.

प्रश्न: गळ टाकून बसलं तर कुणी हरकत घेईल का?

लिलावाचं तळं असेल तर घेईल, आणि बरोबरच. आधी विचारा. पहिल्या पावसात चढणीचे (अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे) मासे धरायला सगळीकडे झुंबड उडते, तेव्हा मात्र गरीसुद्धा टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या माशांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असते, एक मासा धरलात की पुढच्या वर्षीचे शेकडो गेले. तुटलेला नायलॉन दोरा खिशात घालून घरी आणा. पाण्यात सोडलेला दोरा पाणकावळ्याच्या पायाला गुंडाळतो.

प्रश्न: कुणी बुडताना दिसलं तर पोहता न येणाऱ्याने काय करावं?

पाण्यात उतरू नये. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते खाली दाबतो, आणि एकाचे दोन बुडतात. ओरडून इतरांना बोलवा, ११२ किंवा १०८ ला फोन लावा. काठावर पालथे पडून काठी, ओढणी किंवा वल्हं पुढे करा. हात पोहोचत नसेल तर तरंगणारं काहीतरी फेका. त्यासाठी प्रत्येक सहलीत १५ मीटर दोरी आणि घट्ट झाकणाचा रिकामा ५ लिटरचा कॅन गाडीत असू द्या. पूर्ण रिकामा असताना तो पाण्यावर सुमारे ५ किलो उचल देतो, म्हणजे ५० न्यूटनच्या जॅकेटएवढी. दोरी कॅनच्या मुठीला बांधा आणि कॅनमध्ये चार बोटं पाणी भरा, नाहीतर वाऱ्याने तो भलतीकडे जातो. फेकताना माणसाच्या पलीकडे टाका आणि ओढत त्याच्या हातात आणा.

बाहेर काढल्यावर उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबणं हे अजूनही गावोगाव केलं जातं. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न श्वासनलिकेत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास चालत नसेल तर माणसाला पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी ५ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, असं थांबल्याशिवाय. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. हृदयविकारात नुसते दाब पुरतात, बुडालेल्याला मात्र श्वास लागतोच, कारण त्याच्या शरीरातला प्राणवायू संपलेला असतो. शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी इस्पितळात न्या, फुफ्फुसाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

प्रश्न: कुडचड्याचं नंदा तळं बघायचं आहे. कधी यावं आणि तिथे डबा खाता येईल का?

नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलं, गोव्यातलं पहिलंच. पावसाळा संपल्यावर दारं लावून पाणी अडवतात आणि त्यावर खालच्या बाजूची भातं होतात. म्हणून पाणी आणि पक्षी दोन्ही बघायचे तर डिसेंबर-जानेवारी धरा. पांढरा शराटी, कमळपक्षी, अडई, पाणकावळे आणि तारवाली भिंगरी तिथे दिसतात. ही भिंगरी बांधाजवळच्या तारांवर शोधा, शेपटीच्या दोन बारीक तारा उजेडाविरुद्ध दिसत नाहीत.

डबा आणा, चूल मात्र मांडू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं आणि बाटल्या फोडणं यावर कायद्याने दंड आहे. भात सांडू नका, त्यावर कावळे आणि कुत्री येतात आणि तीच पुढे काठावरची अंडी खातात. केळीच्या पानावर जेवलात तरी पान परत न्या. पिशवी आणायला विसरलात तर रिकाम्या डब्यात भरा.